सुतळीच्या आतलं भात

रत्नागिरीला कधी जावं, असं विचारलं की लोक दोनच उत्तरं देतात. आंबे खायला मे महिन्यात, नाहीतर धबधबे बघायला पावसाळ्यात. मी सांगेन ऑक्टोबरात जा. पाऊस उघडलेला असतो, समुद्र निवळलेला असतो, कातळावरचं गवत पिवळं पडायला लागतं आणि शेतात भात पिकून वाकलेलं असतं. ऊन मात्र चटके देणारं असतं, टोपी न्या. आणि शेताच्या कोपऱ्यात कुठे सुतळी बांधलेली दिसली, तर तिच्या अलीकडेच उभे राहा. हा सल्ला कुठल्या पर्यटनाच्या माहितीपत्रकात नसतो. मला तो फार उशिरा मिळाला.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. हातखंब्याला महामार्ग सोडून आत वळायचं, एवढं पुरे.

निघण्याआधी

माझ्या मुलांच्या शाळेत दसऱ्याच्या सुमाराला सुट्टी असते. तिला आम्ही सगळे 'ऑटम ब्रेक' म्हणतो. पुण्यात ऑटम कुठला, तर रस्त्याच्या कडेला वडाची चार पानं पडतात ती महापालिकेला झाडायला वेळ नसतो म्हणून दिसतात. पण शाळेला हौस. यंदा एक वही दिली होती. 'कुटुंबासोबत शरद ऋतू' असं वर लिहिलेलं आणि आत तीन भाग: कुठेतरी फिरून या, काहीतरी बेक करा, काहीतरी हाताने बनवा. प्रत्येक भागाखाली फोटो चिकटवायला चौकट आणि सगळ्यात शेवटी 'पालकांची सही'.

हस्तकलेच्या भागात नमुना म्हणून एका रीथचं चित्र होतं. रीथ म्हणजे वाळकी पानं आणि कणसं गोल तारेवर बांधून दारावर लावायचं चक्र. आपल्याकडे दाराला तोरण असतं हे मला ठाऊक होतं. पण नमुन्यात चक्र होतं, आणि मी नमुन्याबाहेर न जाणारी बाई आहे. गेल्या वर्षी वर्गातल्या एका आईने मातीची अख्खी गुहा करून पाठवली होती. ती गुहा माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती. तेव्हा यंदा आपण खऱ्या भाताच्या लोंब्यांचं रीथ करायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. तारेचं गोल कडं पुण्याहूनच घेतलं.

नवऱ्याला रजा मिळाली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, दहा वर्षांची इरा, सहा वर्षांचा निमिष आणि मी गाडी काढून निघालो.

शुक्रवार

आम्ही उतरलो ते माझ्या जाऊबाईंकडे. नंदावहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. दादा बोटीवर इंजिनात काम करतात, सहा-सहा महिने घरी नसतात. भातशेती, दोन गुरं, पाच-पंचवीस नारळ असं सगळं वहिनी एकट्या बघतात. मदतीला सुगंधाबाई. त्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खालच्या अंगाला राहतात. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. वहिनींच्या लग्नाच्या वर्षापासून त्या या घरी राबतायत.

पोचलो तेव्हा दोघी मिळून अंगणातलं खळं चोपत होत्या. कोकणात पावसाळ्यात अंगणाची माती धुऊन जाते, म्हणून भात झोडायच्या आधी ती पुन्हा घालून, चोपून, शेणाने सारवून घ्यावी लागते. निमिष गाडीतून उतरला तो थेट ओल्या खळ्यातून धावत गेला. त्याच्या बुटांचे अकरा ठसे उमटले. मी ओरडले. सुगंधाबाई हसल्या, म्हणाल्या, "ऱ्हांदे वो. लक्ष्मीची पावलां उमटली." आणि गुडघ्यावर बसून एकेक ठसा हाताने पुसत गेल्या.

जेवायला लाल तांदळाचा भात होता, वर बांगड्याचं तिखलं. मुलांनी पहिल्यांदा नाकं मुरडली आणि मग दोनदा मागून घेतलं. वहिनी म्हणाल्या, "पोटभर जेवून घ्या रे. हे लाल भात आता सरत आलंय. गेल्या वर्षी परतीच्या पावसानं सगळं आडवं केलंन. बियाण्यापुरतं तेवढं वाचलं."

मी हे ऐकलं. 'हो का' असं म्हणालेसुद्धा. माझं निम्मं लक्ष ताटाचा फोटो नीट येतोय की नाही याच्याकडे होतं.

मग मी लोंब्यांचं विचारलं. मुलांच्या शाळेसाठी थोड्या हव्यात म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "घे की. खालच्या मळीतल्या घे, तिथे रग्गड आहे. पण घरात आणू नको हो. नवं व्हायचंय अजून."

'नवं' म्हणजे काय ते तेव्हा समजावून दिलं त्यांनी. कोजागिरीच्या दिवशी नव्या भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल आणि झेंडू आंब्याच्या पानात गुंडाळून त्याची जुडी बांधतात. ती दाराला, नांगराला, धान्याच्या कणगीला, हल्ली मोटरसायकललासुद्धा लावतात. नव्या तांदळाची खीर देवाला दाखवतात. तोवर नवीन दाणा उंबऱ्याच्या आत येत नाही आणि कोणाच्या तोंडात जात नाही. बघा, दारावर लावायची शरदातली हस्तकला माझ्यासमोर आयती मांडून ठेवली होती. मी तारेचं कडं घेऊन बसले होते.

शनिवार

सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. फिरण्याची चौकट तिथे भरली. ऑक्टोबरचा समुद्र इतका शहाण्यासारखा वागत होता की निमिषने त्याच्यावर विश्वास टाकून चपला पाण्याच्या कडेला काढून ठेवल्या. एक गेली. उरलेली एक त्याने दिवसभर हातात धरली होती, जोडीदार परत येईल म्हणून. इराने शिंपल्यांपेक्षा खेकड्यांची बिळं जास्त मोजली. वाळू तापायला लागली तसे आम्ही शहरात शिरलो. मी एका दुकानातून सोनेरी रंगाचा स्प्रे घेतला. रीथला थोडी चकाकी हवीच होती.

दुपारी वहिनी जरा आडव्या झाल्या तशी मी मुलांना घेऊन शेतात गेले. वहिनींनी सांगितलेली खालची मळी, म्हणजे ओढ्याकाठचं शेत, ओली होती. पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. माझे बूट नवे होते. आणि खरं सांगायचं तर तिथल्या लोंब्या साध्या होत्या, पिवळट, जरा बारक्या.

वरच्या अंगाला, दगडी गडग्याच्या पोटाशी, एक तुकडा होता. दोन सतरंज्या अंथरता येतील एवढाच. तिथलं भात उंच, कोरड्या जमिनीत उभं, लोंब्या लांबलचक आणि तांबूस. एकही लोंबी वेडीवाकडी नाही. चारी कोपऱ्यांना चार काठ्या रोवलेल्या आणि काठ्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळी बांधलेली.

ती सुतळी मी बघितली होती. पुढे जे काही मी स्वतःला आणि इतरांना सांगितलं, त्यात हे वाक्य मी बराच काळ गाळत होते, म्हणून इथे आधीच लिहून टाकते. इराने विचारलंही, "आई, इथे दोरी का बांधलीय?" मी म्हटलं, "गुरं येऊ नयेत म्हणून असेल." आणि निमिषला दोन्ही बगलांत धरून सुतळीवरून आत ठेवला.

हस्तकलेची कात्री होती आमच्याकडे. आम्ही निवडून निवडून कापल्या. सगळ्यात लांब, सगळ्यात भरलेल्या. दोन्ही हातांच्या कवेत मावतील इतक्या. निमिष एकेक लोंबी दाखवून "ही मोठी? ही मोठी?" विचारत होता आणि मी शाबासकी देत होते. निघालो तेव्हा आत उरल्या होत्या त्या मुख्यतः बारक्या.

घरात न्यायच्या नव्हत्या, तेवढं मात्र मी पाळलं. वर सड्यावर गेलो. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. नजर पोचेल तिथपर्यंत वाळत चाललेलं गवत, मध्येच कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, दूरवर कोणाची तरी गुरं. तिथे बसून आम्ही रीथ बांधलं आणि वरून सोनेरी फवारलं. फोटो सुंदर आला. मी तो लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि गुहावाल्या आईचा अंगठा आल्यावर मला जो आनंद झाला तो सांगायची आता लाज वाटते. रीथ टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलं.

रविवार

बेकिंगचा दिवस. मी पुण्याहून चॉकलेट चिप्स आणि बटर पेपर घेऊन गेले होते. वहिनींनी ते पिशवीत परत भरून ठेवायला लावले आणि मांडवावरून एक भलंमोठं पिवळं तवसं उतरवलं. तवसं म्हणजे पिकलेली जून काकडी. या दिवसांत तिचं धोंडस करतात, म्हणजे कोकणातला केकच म्हणा. तवसं किसायचं, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वेलची घालून कालवायचं, पातेल्याला तूप लावून त्यात ओतायचं. खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. आमच्या ओव्हनला जे दोन बटणं फिरवून जमतं ते इथे वहिनी नुसत्या वासावरून करत होत्या. मुलांना त्यांनी किसायला बसवलं. निमिषचे हात बघून म्हणाल्या, "हे काय रे, नखांना सोनं लागलंय?"

"रंग आहे, हस्तकलेचा," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

पातेलं चुलीवर चढवलं आणि "मी जरा बियाणं बघून येते, तू निखाऱ्यांकडे लक्ष दे गो," असं म्हणून वहिनी शेतात गेल्या. बियाणं या शब्दाने मला ती सुतळी आठवली. पण मी निखाऱ्यांकडे बघत बसले.

परत आल्या त्या ओळखू येत नव्हत्या. पायरीवर बसल्या. हातात कापलेले चार दांडे होते.

"कापून नेलंन," म्हणाल्या. "निवडून नेलंन. बारीक तेवढं माझ्यासाठी ठेवलंन."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शुक्रवारी जेवताना नीट ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. तो तुकडा लाल भाताच्या बियाण्याचा. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वाण. गावात बाकी सगळ्यांनी तो सोडला, काहींचा पावसात गेला. गेल्या वर्षी जे शेरभर वाचलं होतं त्यातलं निम्मं बुरशीने गेलं, उरलं ते त्या दोन सतरंज्यांत पेरलं. रोज संध्याकाळी वहिनी त्यात शिरून भेसळ उपटून टाकायच्या. म्हणून एकही लोंबी वेडीवाकडी नव्हती.

"गुरांनी नाही, माणसानं नेलंन. धारेनं कापलेलं आहे. आणि याची किंमत ठाऊक असलेलं माणूस गावात एकच आहे." वहिनींचा आवाज फुटला. "सुगंधानं मागितलंन होतं माझ्याकडे. तिच्या सासरीही हेच भात होतं, गेलं. मी म्हटलं, यंदा वाढू दे, पुढल्या वर्षी देते. थांबली नाही ती."

इथे बोलायचं होतं. जागा होती, वेळ होता. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात सुगंधाबाई शेणाची पाटी घेऊन खळ्यात आल्या. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"सुगंधा, तीस वर्षं झाली तुला या घरात. पुन्हा तोंडानं मागायचंस गो."

"काय वो वैनी?"

वहिनींनी दांडे पुढे केले. सुगंधाबाईंनी ते बघितले. मग त्यांनी मान वर केली आणि ओटीवर उभ्या असलेल्या माझ्या मुलांकडे बघितलं. निमिषचे दोन्ही हात समोर होते, खोबऱ्याने माखलेले आणि नखं सोनेरी. मी त्याचे हात धरून माझ्या ओढणीत घेतले. पुसतेय असं दाखवत घेतले. आणि इराने तोंड उघडलं तशी मी तिच्याकडे बघितलं. आयांना एक नजर येते, तिला शब्द लागत नाहीत. इरा गप्प झाली.

"मी नाय हात लावलाय, वैनी," सुगंधाबाई म्हणाल्या. एवढंच. पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि पाखाडी उतरून गेल्या. खळं अर्धं सारवलेलं राहिलं.

धोंडस खालून करपलं होतं. लक्ष द्यायला मला सांगितलं होतं. वहिनींनी करपलेला भाग स्वतःच्या ताटलीत घेतला आणि वरचा चांगला मुलांना दिला. मला नको होतं, पण मी खाल्लं. न खाल्लं तर विचारतील अशी भीती होती.

सोमवार

सोमवारचं प्रवासवर्णन काही नाही. आम्ही किल्ल्यावर जाणार होतो, गेलो नाही. मी न्हाणीघराशी बसून निमिषची नखं रॉकेलच्या बोळ्याने घासली. त्याची बोटं लाल झाली. "आई, दुखतंय," म्हणाला. मी म्हटलं, "रंग वाईट असतो."

इराने मला विहिरीपाशी गाठलं. "आई, सुगंधाबाई चोर नाहीत ना?"

"नाहीत."

"मग आपण सांगायचं ना?"

"सांगू. निघताना सांगू." मनात हिशेब होता तो असा की निघताना गाडीत बसल्यावर, नाहीतर पुण्याला पोचून फोनवर, हवं तर एखादं छानसं पत्र लिहून. समोरासमोर चेहरा बघावा लागू नये एवढीच माझी इच्छा होती. मी घरी मुलांना खोटं बोलू नये यावर गोष्टी वाचून दाखवते. आवाज बदलून बदलून वाचते.

वहिनी दिवसभर एकट्याच खळं सारवत होत्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गो मेधा, तुला सवय नाही. चार दिवस आलीस, आराम कर." तो चांगुलपणा मला सोसवेना, म्हणून मी आत जाऊन मोबाइल बघत बसले.

मंगळवार, कोजागिरी

सकाळी पायरीवर कुरडूच्या तुऱ्यांची जुडी ठेवलेली होती. दवाने ओली, देठ सारखे कापलेले, केळीच्या सोपटाने बांधलेली. दरवर्षी नव्यासाठी सड्यावरून कुरडू आणायचं काम सुगंधाबाईंचं. यंदाही उजाडायच्या आत त्या येऊन ठेवून गेल्या होत्या. आवाज दिला नव्हता.

वहिनींनी जुडी उचलली. तिचे देठ चाचपले. मग म्हणाल्या, "बघ. मनात खात असणार तिला. म्हणून आणून ठेवलंन."

इरा माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या हातात होता तो तिने सोडवून घेतला.

"वहिनी," मी म्हटलं, "सुगंधाबाईंनी नाही नेलं. मुलांकडून चुकून..."

हे असं सुरू केलं मी. दोन दिवस जुळवलेलं वाक्य होतं, आणि त्यातला पहिलाच शब्द मुलं. निमिषने माझ्याकडे मान वर करून बघितलं. त्याला कळलंच नाही की त्याने काय केलंय. त्याला तर शाबासकी मिळाली होती.

"मुलांनी नाही," मी म्हटलं. "मी कापलं. मुलांना मीच आत नेलं."

वहिनींनी जुडी खाली ठेवली. "सुतळी दिसली नाही तुला?"

"दिसली होती."

"आणि परवा, तिला बोलले मी, तेव्हा तू इथेच होतीस."

"होते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आहे कुठे ते?"

मी डिकीतून रीथ आणलं. टॉवेल उलगडला. उन्हात ते भयंकर चकाकत होतं. वहिनींनी ते हातात घेतलं, वास घेतला, तोंड फिरवलं. मग पायात चपला घातल्या. "चल," म्हणाल्या, "पोरांनाही घे."

पाखाडीच्या त्या चाळीस-पन्नास पायऱ्या मी उतरले, ते या प्रवासातलं सगळ्यात लांबचं अंतर. सुगंधाबाई अंगणात सुपात नाचणी पाखडत होत्या. आम्हाला बघून उठल्या, घाईने ओटीवर चटई टाकली. मी पुढे होणार तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "सुगंधा, माझं चुकलं गो. तुला बोलले ते नको होतं बोलायला."

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "लोंब्या मी कापल्या. तुम्हाला बोलणी बसली तेव्हा मी गप्प बसले. मला माफ करा." जुळवलेलं सगळं भाषण विसरले होते. एवढंच आलं.

सुगंधाबाईंनी रीथकडे बघितलं, मुलांकडे बघितलं.

"मला ठाव व्हतं," म्हणाल्या.

वहिनी बघतच राहिल्या. "काय ठाऊक होतं?"

"शनवारी सड्यावर गुरां घेऊन व्हते मी. पोरां लोंब्या घेऊन बसलेली बगितली. हाताला रंग लागलेला बी बगितला."

"मग परवा बोलली का नाहीस? मी तुला नको नको ते..."

"पाव्हण्यांची पोरां, वैनी. नव्याच्या तोंडावर पाव्हण्याला उघडा कशाला पाडायचा?" मग त्या माझ्याकडे वळल्या. रागाने नाही, अगदी सरळ. "म्हटलां बाय आपल्या तोंडानं सांगंल. तीन दिस वाट बगितली."

मी जन्मात बरीच बोलणी खाल्लीयत. पण माझी कोणी अशी वाट बघितली नव्हती, आणि मी कोणाला इतकं ताटकळत ठेवलं नव्हतं. मला रडू आलं. मुलांसमोर आलं, आवरलं नाही. सुगंधाबाईंनी मला पाणी दिलं आणि रीथ वहिनींच्या हातातून काढून घेतलं. रडणं संपायची वाट बघण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता.

त्यांनी ते सुपात ठेवलं, एक लोंबी सोडवली, दाणा दाताखाली फोडला, थुंकला. "वरनं रंग हाय. मधल्याला नाय लागलाय. सोडवा बगू."

आम्ही पाचही जणं त्या ओटीवर गोल बसलो. तार उलगडली. बाहेरच्या लोंब्या सोनेरी होत्या, आतल्या तांबूसच राहिल्या होत्या. रंग लागलेला दाणा एका बाजूला, स्वच्छ दाणा दुसऱ्या बाजूला. निमिषची बोटं बारीक म्हणून त्याच्याकडे सगळ्यात अडचणीतले दाणे आले. इरा प्रत्येक शंकेचा दाणा सुगंधाबाईंना दाखवायची आणि त्या "ठेव" नाहीतर "टाक" म्हणायच्या. ऊन ओटीवर चढलं तरी कोणी उठलं नाही. शेवटी स्वच्छ दाणा भरला तो दोन ओंजळी. शेतात उरलेल्या बारक्या लोंब्या धरून अजून थोडं होईल.

"रुजेल ना?" मी विचारलं.

"जमिनीला ठाव," सुगंधाबाई म्हणाल्या.

वहिनींनी त्या दोन ओंजळींतली एक उचलली आणि सुगंधाबाईंच्या पदरात घातली. "हे तुझ्याकडे. माझं गेलं तर तुझ्याकडे राहील. आधीच द्यायला हवं होतं मी."

मग दोघी बरोबर पाखाडी चढल्या. सुगंधाबाईंनी आणलेलं कुरडू आंब्याच्या पानात गुंडाळून दोघींनी नवं बांधलं. दाराला, कणगीला, गोठ्याला. सगळ्यात शेवटी सुगंधाबाई एक जुडी घेऊन माझ्या गाडीपाशी आल्या आणि पुढच्या आरशाला बांधू लागल्या. मी नको म्हटलं. माझ्या गाडीला ते शोभत नव्हतं.

"गाडी कुणाची का असंना," त्या म्हणाल्या, "पोरां जातायत तिच्यातनं."

पुणे

बुधवारी परत आलो. वाटेतलं काही सांगण्यासारखं नाही. निमिष त्या एका चपलेसकट झोपला होता.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी इराने वही माझ्यापुढे आणून ठेवली. फिरण्याच्या चौकटीत भाट्याचा फोटो होता. बेकिंगच्या चौकटीत धोंडसाची कृती, शेवटी 'निखाऱ्यांकडे लक्ष द्यावे' असं अधोरेखित केलेलं. हस्तकलेच्या चौकटीत रीथचा फोटो नव्हता. तिथे रिकाम्या तारेचा एक तुकडा चिकटवला होता आणि खाली तिच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'आम्ही भाताचं रीथ बनवलं. ते भात आमचं नव्हतं. त्यामुळे सुगंधाबाईंना बोलणी बसली. मग आम्ही रीथ उलगडून दाणे परत दिले. आईने तीन दिवसांनी सांगितलं.'

मी वाचलं. एरवी मी न वाचताच सही करते.

इरा पेन घेऊन उभी होती. "आई, शेवटचं वाक्य खोडू का?" तिने विचारलं. चिडून नाही, माझ्यावर दया येऊन विचारलं.

ही वही बाई वाचणार होत्या. मग ती वर्गात फिरणार होती. प्रदर्शनाच्या दिवशी सगळे पालक, गुहावाली आईसुद्धा, ती चाळणार होते. हो म्हणायला एक क्षण पुरला असता.

"राहू दे," मी म्हटलं, आणि 'पालकांची सही' लिहिलं होतं तिथे, त्या वाक्याच्या बरोबर खाली, पूर्ण नाव लिहून सही केली.